हापसन साहेबाचं हारणं

उकंडराव त्या दिवशी सकाळपासून एका जागी म्हणून बसला नव्हता. ओट्यावर आला, आत गेला, गोठ्यात जाऊन बैलाच्या पाठीवर उगाच थाप मारली, परत ओट्यावर आला. शेवटी रंगूबाईनं हातातलं सूप खाली आपटलं.

"अवो, तुमच्या पायाले भिंगरी बांधली काय? बसा ना चूप एका ठिकानी!"

"साहेब बसत नसते," उकंडराव म्हणाला. "आज लढाई हाये."

"लढाई कायची आली! दरसालची हार हाये. जा, हारा, अन् या घरी."

दुसरा एखादा नवरा असता तर भडकला असता. पण हारणं हाच तर उकंडरावचा लौकिक. केनवडच्या बाजारात कोणालाही विचारा, "तो हारनारा साहेब ना?" असंच म्हणतील. त्याचं कपाशीचं पीक कसं, बैलजोडी कशी, याचं कोणाला काय पडलंय!

गावच्या जत्रेत दर पौषात एक लढाई खेळतात. इंग्रजांचा जनरल हापसन पलटण घेऊन चढून येतो, गावचा नाईक त्याला खिंडीत गाठतो आणि चारी मुंड्या चीत करतो. असा साहेब खरंच कधी होऊन गेला का, देव जाणे. पुस्तकात तरी तो अजून कोणाला सापडलेला नाही. पण गावाचा रिवाज पक्का. साहेबानं नाईकाच्या पायाशी तलवार ठेवून स्वतःच्या तोंडानं "मी हारलो" म्हटल्याशिवाय शिवारातल्या तुरीला विळा लागत नाही. आता विळे गेले, हार्वेस्टर आलं, तरी रिवाज तोच. त्या दिवशीही गावाबाहेर हार्वेस्टर उभं होतं आणि त्याचा पंजाबी ड्रायव्हर मोबाईल बघत साहेब हारायची वाट पाहत होता.

मिसरूड फुटल्यापासून उकंडराव हापसन होत आला. लाल कोट मंगरूळपीरच्या एका बॅन्डवाल्याकडून आणलेला. काखेत तीनदा उसवला, रंगूबाईनं तीनदा शिवला. आधीचे साहेब नुसते ओरडायचे, मिश्या पिळायचे आणि धपकन पडायचे. उकंडरावनं मात्र साहेबाचा सगळा जन्म मनाशी मांडला. हापसन म्हणे मेंढपाळाच्या घरचा. पोटासाठी पलटणीत गेला, जहाजात ओकून ओकून अर्धा झाला. मग एकेक लढाई जिंकत शिपायाचा जनरल झाला, छातीवर बिल्ले मावेनात. बायको कामठीच्या छावणीत पटकीनं गेली, तिला माती देऊन हा दुसऱ्या दिवशी घोड्यावर बसला. आणि असला हा पहाडासारखा माणूस शेवटी कोणापुढं हारला, तर गोफणी घेऊन आलेल्या शेतकऱ्यांपुढं! विलायतेत परत गेला तेव्हा बंदरावर उतरवून घ्यायला कुत्रंही आलं नाही. मग म्हातारा रोज टेबलावर कपबशा मांडायचा आणि तीच लढाई पुन्हा लढायचा. या बाजूनं घोडदळ घातलं असतं तर? तोफ आधी चढवली असती तर?

"तुले हे सांगतलं कोनं?" लोक विचारायचे.

"कोट घातला का समजते," उकंडराव म्हणायचा.

म्हणून तर तो हारायला लागला की बायांच्या डोळ्यांना पदर लागायचे. शत्रूसाठी रडायचं म्हणजे कमालच झाली की नाही? पण रडायच्या खऱ्या.

मग या वर्षी काय बिनसलं? तर नाईक बदलला. इतकी वर्षं नाईक व्हायचा रामराव, पण त्याच्या गुडघ्यांनी जवाब दिला. जत्रेच्या मंडळींनी बसून ठरवलं, नाईक हरीओम.

हरीओम म्हणजे उकंडरावचा सख्खा धाकटा भाऊ. याच भावाला खांद्यावर बसवून उकंडरावनं जत्रा दाखवली होती. आणि याच भावाशी तीन वर्षांपासून बोलणं बंद होतं. वाटण्या झाल्या, दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, कुरबूर सुरू झाली, शेवटी सरकारी मोजणी आली. मोजणीत धुरा हरीओमच्या बाजूनं निघाला. साऱ्या गावानं पाहिलं, पंचांनी मान डोलावली. एकट्या उकंडरावच्या तोंडून "बरं" निघेना. मोजणीवाल्याची साखळीच खोटी, म्हणाला, आणि तिथून पुढं भावाची सावली दिसली तरी रस्ता बदलायला लागला.

आणि आता त्याच भावाच्या पायाशी, भर जत्रेत, तलवार ठेवायची! कोट दुसऱ्याला देऊन टाकावा असं दहादा मनात आलं. पण कोट देणं म्हणजे पळून जाणं, तेही जमेना. जिवाची नुसती तगमग.

दोन ट्रॉल्या जोडून मंच केला होता. ऊन कलायला लागलं तशी ढोलकी सुरू झाली. माणूस नुसता लोटला होता. लढाई पाहायला कमी, भाऊ पाहायला जास्त. पलटण आली, गोफणी सुटल्या, पलटण पळाली. हापसन एकटा उरला. लाकडी तलवारी खणाखण वाजल्या. मग हरीओम पुढं झाला आणि नाईकाचं वाक्य बोलला.

"साहेब, हत्यार टाक!"

उकंडराव उभाच. तलवार हातात, हात वर. हात खाली येईना.

"वा रे पठ्ठ्या! काय काम करून राह्यला!" कोणीतरी ओरडलं. टाळ्याही पडल्या.

"दादा, टाक ना," हरीओम हळूच म्हणाला.

त्या 'दादा'नं उकंडरावच्या डोक्यात आगच भडकली. त्यानं वार केला, मग दुसरा, तिसरा. हे नाटकात नव्हतं. हरीओम मागं सरकत गेला, दोन ट्रॉल्यांच्या फटीत त्याची टाच अडकली आणि तो उताणा पडला. उकंडरावची तलवार त्याच्या छातीवर टेकली.

ढोलकी थांबली. जनरल हापसन जिंकला होता.

"उकंड्या, हे काय केलं बे?" खालून रामराव ओरडला. "साल खराब करतं काय गावाचं?"

हरीओम तसाच पडल्या पडल्या वर बघत होता. "झालं समाधान?" तो म्हणाला. "तुह्यानं म्हनवत नसन तर मी म्हनतो. मी हारलो, दादा. धुरा बी घे." आणि त्यानं डोक्यावरचा फेटा काढून उकंडरावच्या बुटांपाशी ठेवला.

हेच तर ऐकायला उकंडराव तीन वर्षं तडफडत होता. ऐकलं, आणि बाप्पा, गोड काही लागेना. त्याची नजर भावाच्या उघड्या डोक्यावर गेली. केस पांढरे झाले होते. हरीचे? एवढ्यात? तीन वर्षांत त्यानं भावाकडं नीट पाहिलंच नव्हतं.

त्यानं तलवार बाजूला टाकली, हरीओमला हाताला धरून उठवलं, अंगावरची धूळ झटकली. फेटा उचलून त्याच्या डोक्याला स्वतः बांधला; दोनदा सुटला. मग तलवार पुन्हा उचलली आणि ढोलकीवाल्यावर खेकसला, "वाजव ना बे! थांबला कायले?"

ढोलकी वाजली. उकंडराव गुडघ्यांवर बसला, भावाच्या पायाशी तलवार ठेवली.

"मी हारलो," तो म्हणाला.

गावाच्या जिवात जीव आला, शिट्ट्या सुरू झाल्या. पण उकंडराव उठला नाही.

"मोजनी झाली त्याच दिवशी हारलो होतो, हरी," तो म्हणाला. "तोंडातून निघत नव्हतं रे."

आता नाईकानं म्हणायचं असतं, "जा साहेब, आपल्या मुलखाले जा." हरीओमनं तोंड उघडलं, पण ते वाक्य काही त्याला म्हणता आलं नाही. तो खाली बसला आणि त्यानं लाल कोटासकट भावाला मिठी मारली.

"कुठी जाशीन दादा," तो म्हणाला. "चाल, घरी चाल."