पायाळूची उसण

आधीच माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. ऱ्हस्व-दीर्घ जमायच्या आत, आठवीतच, शाळा सुटली. शब्दही साधेच आहेत. पण बडोद्याजवळच्या आमच्या नंदेसरीच्या गोदामात पोत्यांवर पोती चढतात तसे किस्सेही चढत गेलेत. एक ओढला की बाकीचे अंगावर येतात!

आम्ही केमिकलची पोती ट्रकमध्ये चढवतो. त्यामुळे सगळे किस्से एकाच जागेचे. कंबरेचे!

*

मी पायाळू आहे. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. कंबरेत उसण भरली की पायाळूने तिथे पाय लावायचा, मग ती उतरते, असं आपल्याकडे मानतात.

आमच्या टोळीचे मुकादम विठ्ठलकाका. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "काय येतं रे तुला?"

मी लाजत म्हणालो, "काही नाही काका. फक्त पायाळू आहे."

"फक्त? अरे, मजूर मागितला होता, डॉक्टर पाठवला!"

तेव्हापासून मी डॉक्टर. रोज सकाळी दोघं-तिघं पोत्यांवर पालथे पडलेले असतात. पावसाळ्यात वीज कडाडली की मात्र डॉक्टरजवळ कोणी उभं राहत नाही. पायाळूवर वीज पडते म्हणे!

*

सुपरवायझर रमणभाई एकदा वाकले ते वाकलेच. "अल्या, कमर झलाई गई!" म्हणत पालथे पडले. सगळ्यांनी मला पुढे ढकललं.

मी बडोद्यात नवा होतो. 'पाय लावू का?' हे गुजरातीत नम्रपणे विचारावं म्हणून म्हणालो, "पगे लागूं, साहेब?"

गुजरातीत याचा अर्थ 'पाया पडतो' असा होतो, हे मला काय माहीत!

रमणभाईंनी तशाही अवस्थेत हात वर केला. "सुखी रहे, दीकरा!"

आणि मी त्यांच्या कंबरेवर पाय दिला.

ते एका झटक्यात उभे राहिले. काका म्हणाले, "बघा! लगेच गुण!"

*

मग एकदा कंपनीत तपासणीचं शिबीर लागलं. डॉक्टरीणबाई प्रत्येकाला विचारत होत्या, "दहापैकी किती दुखतं?"

जास्त सांगणाऱ्याला लोडिंगवरून काढतात, हे सगळ्यांना माहीत. आमचा बबन हात जोडून म्हणाला, "पासिंगपुरते लिहा, मॅडम!"

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "जगात माणसाला कामावरून बसवणारं सगळ्यात मोठं दुखणं हे कंबरेचंच आहे. सगळ्या देशांत. आणि पूर्वीपेक्षा आता कितीतरी जास्त माणसं."

काका मला म्हणाले, "ऐकलंस? एवढं जग, आणि तुला पाय दोनच!"

सगळे हसले. मी खोटंच हसलो. कारण तीन आठवडे माझ्याच कंबरेतून टाचेपर्यंत कळ जात होती. बाईंनी विचारलं तेव्हा मीही 'दुखत नाही' म्हणालो होतो. पायाळूलाच उसण भरलीय, हे सांगायचं कोणाला?

*

पुढच्याच महिन्यात काकांची कंबर धरली. मी आठ दिवस रोज पाय लावला. "उतरतंय रे, उतरतंय," म्हणायचे.

नवव्या दिवशी काका गेटमधून आले ते एकाच पायात चप्पल घालून.

बबन ओरडला, "काका, दुसरी सासुरवाडीला ठेवली का?"

आम्ही पोट धरून हसलो. काकाही हसले. मग त्यांनी खाली पाहिलं.

चप्पल गेटपाशी पडली होती. तिथून गोदामापर्यंत ते खडीवरून एका पायाने अनवाणी आले होते. तळव्यातून रक्त येत होतं. त्यांना कळलंच नव्हतं.

दवाखान्यात विचारलं म्हणे, "आठ दिवस काय करत होतात?"

काकांनी माझं नाव सांगितलं नाही.

*

त्या दिवसापासून मी चप्पल बोटांनी घट्ट धरून चालतो. बसमध्ये, आमच्या पाणीगेटच्या गल्लीत, घरातसुद्धा. झोपण्याआधी अंगठ्याला चिमटा काढतो. एकदा डाव्या अंगठ्याला चिमटा काढला आणि दुखायची वाट बघत बसलो.

गोदामात मी पाय लावणं बंद केलं होतं. बबन चिडायचा, "डॉक्टर, भाव खातोस काय!"

दिवाळीनंतर काका काठी टेकत सगळ्यांना भेटायला आले. चहा झाला. मी पोतं उचलायला वाकलो, आणि अर्ध्यातच थांबलो.

काकांनी पाहिलं. "कधीपासून?"

मी पोतं सोडून दिलं.

"पालथा पड."

"काका, तुम्ही कुठे पायाळू..."

"पड म्हणतो ना!"

मी पोत्यांवर पडलो. कोणी हसलं नाही. काकांनी काठीवर भार देऊन आपला तो पाय हाताने उचलला आणि माझ्या कंबरेवर ठेवला.

"माझ्या पायाला काही कळत नाही," ते म्हणाले. "तुझ्या कंबरेला कळतंय ना? मग कळतंय तोवर जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नंदेसरीची बस सोडली आणि सरकारी दवाखान्यात गेलो. खिडकीतल्या बाईंना म्हणालो, "कंबर." त्यांनी बोट दाखवलं. लाइन जिना उतरून खाली आवारात आली होती. सगळ्यांचा एक हात मागे.

मी शेवटी उभा राहिलो. पुढचे आजोबा वळले. "मराठी का? मीपण. सगळं करून बघितलं हो. तुमच्या ओळखीत कोणी पायाळू आहे का?"

मी चप्पल घट्ट धरली आणि म्हणालो, "नाही."