कुलूप लागलेले लग्नाचे फोटो

नोकरीतले खून-दरोडे आता आठवणीत एकमेकांत मिसळतात. ही घटना मात्र आजही जशीच्या तशी आठवते, आणि आठवली की माझाच मला राग येतो.

निवृत्तीला वर्ष उरले होते. हिंगोली जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती, तोच गावातला फोटो स्टुडिओवाला धापा टाकत आत आला. त्याच्या मागे डोंगरकडा गावची एक विधवा बाई होती.

"साहेब, माझ्या कंप्युटरवर डाका पडला!" तो म्हणाला.

ठाणे अंमलदार हसला. मी त्याच्याकडे पाहिले, तेव्हा गप्प झाला. स्टुडिओवाल्याच्या कंप्युटरमधले सगळे फोटो उघडायचे बंद झाले होते. प्रत्येक फायलीच्या नावाला भलतेच शेपूट लागले होते, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये इंग्रजीत धमकी होती: डिजिटल चलनात पैसे पाठवा, तरच किल्ली मिळेल. खंडणीच ती, फक्त चाकू दिसत नव्हता.

बाईचा नवरा एसटीत ड्रायव्हर होता. मुलीच्या लग्नानंतर महिन्याभरात झटक्याने गेला. त्या लग्नाचे सगळे फोटो याच कंप्युटरमध्ये होते.

"साहेब, त्यांचा हसलेला फोटो घरात एकबी न्हाई," ती म्हणाली. "आधार कार्डावरला हाय, त्यात ते चोरावानी दिसून राहिले. पाहिजे तर माझं डोरलं मोडा, पण तेवढे पैसे भरा."

"एक रुपया भरायचा नाही," मी म्हणालो. "पैसे घेऊन तो किल्ली देईलच, याची हमी कोण देणार? बाई, तुमचे फोटो मी आणून देतो."

बोलून गेलो खरा! माहिती तंत्रज्ञान कायद्याचा तपास निरीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, म्हणून तो माझ्याच गळ्यात पडला. आणि मला मोबाइलवर सुप्रभात पाठवण्यापलीकडे काही येत नव्हते.

दुपारी खबऱ्याने बातमी आणली. स्टुडिओत अल्बम बनवणारा कारागीर भांडून काम सोडून गेला होता, आणि चहाच्या टपरीवर 'याचं दुकानच बसवतो' असे म्हणाला होता. मला वाटले, झाले काम. औंढा तालुक्यातल्या त्याच्या गावाहून त्याला बोलावून घेतले आणि दोन तास विचारपूस केली.

"काहून सोडलं काम?"

"मालक चारचौघांत आईवरून शिव्या देत व्हता, साहेब."

"स्टुडिओचं काय काय आहे तुझ्याकडं?" मी टेबलावर हात आपटला.

"काहीच न्हाई. आईशप्पथ न्हाई."

त्याची नजर दाराकडे गेली. इतकी वर्षे माणसे पाहिलेली, हा खोटे बोलतोय एवढे मला बरोबर कळले. कशाबद्दल खोटे बोलतोय, ते मात्र मी माझ्या मनाचेच धरले. बोलावू तेव्हा हजर राहा, अशी नोटीस देऊन त्याला सोडले.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या सायबर सेलची एक महिला हवालदार आली. वयाने माझ्या मुलीएवढी. स्टुडिओत शिरताच तिने कपाळावर हात मारून घेतला. कंप्युटर अजून इंटरनेटला जोडलेला होता, आणि फोटोंची दुसरी प्रत ठेवलेली डिस्कही त्यालाच लावलेली होती. ती तरी नीट आहे का, हे बघायला या शहाण्या स्टुडिओवाल्याने ती घाईघाईने जोडली होती. ती डिस्कही गेली.

"अहो दादा, काय करून बसलात हे!"

तिने आधी नेटची वायर उपटली, मग डिस्क सोडवली. पडद्यावरच्या धमकीचे फोटो काढले, पुराव्यासाठी प्रत घेऊन पंचांसमक्ष सील केली. मग शोधता शोधता मूळ सापडले. फोटोग्राफरांच्या ग्रुपवर कोणीतरी अल्बम बनवायचे महागडे सॉफ्टवेअर फुकटात टाकले होते. सोबत सूचना होती: आधी अँटीव्हायरस बंद करा.

"आणि तुम्ही केलात?"

"समदेच करतात, मॅडम."

चोराने कडी काढ म्हटले आणि याने काढली!

काही प्रकारच्या कुलपांच्या किल्ल्या तज्ज्ञांनी फुकट उपलब्ध करून दिल्या आहेत. त्या तिने तपासल्या, पण या प्रकाराची किल्ली निघालेली नव्हती. "व्हायरस काढता येईल, साहेब," ती म्हणाली. "पण चोर घराबाहेर काढला तरी त्यानं लावलेलं कुलूप तसंच राहतं." मग तिने मला एक तारीख दाखवली. स्टुडिओवाल्याने ते सॉफ्टवेअर कंप्युटरमध्ये टाकले, त्याच्या तीन आठवडे आधीच कारागीर काम सोडून गेला होता.

'तुझ्यावर संशय नाही' एवढा निरोप कारागिराला शिपायाकरवी धाडून मोकळा झालो असतो. पण बाईला शब्द दिला होता, आणि त्याची ती दाराकडे गेलेली नजर डोक्यातून जात नव्हती. मी स्वतः त्याच्या घरी गेलो.

"गड्या, माझं चुकलं," त्याच्या आईसमोरच मी म्हणालो. "हे तू केलेलं नाहीस. पण काहीतरी लपवलं आहेस. त्या ड्रायव्हरच्या बायकोकडे नवऱ्याचा एक धड फोटो नाही."

त्याची नजर आतल्या खोलीकडे गेली.

"सांग की रे, काहून गप बसलास?" आई म्हणाली.

तो आत गेला आणि गव्हाच्या कोठीतून एक डिस्क काढून आणली. स्वतःचा धंदा सुरू करायचा, तर गिऱ्हाइकाला नमुने दाखवायला हवेत, म्हणून जाताना चार लग्नांचे फोटो त्याने न विचारता उतरवून घेतले होते. त्यात हे लग्नही होते. "चोरीचा गुन्हा लागंल, असं वाटलं साहेब."

स्टुडिओवाला आधी तडकला. "तुझ्या फुकटच्या सॉफ्टवेअरचं बोलू का आधी?" असे मी विचारल्यावर त्याने कारागिराविरुद्ध तक्रार नसल्याचे लेखी दिले. लगेच तो डिस्क आपल्या कंप्युटरला लावायला धावला! हवालदाराने हात धरला. तिने आधी आपल्या स्वच्छ लॅपटॉपवर प्रत काढली. मग त्याचा कंप्युटर पूर्ण पुसून सगळे नव्याने टाकले, पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलले. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवायची आणि काम संपले की ती काढून कपाटात टाकायची, हे तिने त्याच्याकडून तीनदा वदवून घेतले.

बाई ठाण्यात आली. पडद्यावर नवरा दिसला: फेटा एका कानावर घसरलेला, हातात जिलबी, तोंड भरलेले आणि खो खो हसणारा.

"बघा, बघा!" ती ओरडली. "डाक्टरनं गोड बंद केलं व्हतं. मला म्हनले, एकबी न्हाई खाल्ली!" आणि हसता हसता रडायला लागली. माझेही डोळे भरून आले, त्याची लाज वाटत नाही.

व्हायरस पाठवणारा सापडला नाही. गुन्हा खरा, पण आरोपी अज्ञात, म्हणून तपास बंद करण्याचा अहवाल, अ वर्ग समरी, कोर्टात पाठवावी लागली. ते शल्य आहेच. पण त्याहून मोठे शल्य कारागीर जबाब देऊन ठाण्यातून निघताना जे बोलला त्याचे आहे.

"साहेब, तुमी आणखी एक दिवस आला नसता, तर डिस्क सिद्धेश्वरच्या धरणात टाकनार व्हतो. पिशवीत दगडबी घालून ठेवला व्हता. तुमच्या भ्यानं."

धाक दाखवला की माणूस खरे बोलतो, असे मी नोकरीभर धरून चाललो होतो. त्या बाईच्या नवऱ्याचे हसू व्हायरसच्या तावडीतून वाचले होते. ते बुडणार होते माझ्यामुळे.