आईंनी चाखलं

घाटकोपरला भटवाडीच्या चढावर आमची इमारत आहे. तिच्या तिसऱ्या मजल्यावर दिवसभर घरी असणारी, शिकलेली, धडधाकट बाई मी एकटीच. त्यामुळे अख्ख्या मजल्याची पार्सलं माझ्याकडे येतात, दोन घरांच्या चाव्या माझ्याकडे असतात, आणि समोरच्या काकू गावाला गेल्या की त्यांचा सिलिंडरही मीच उतरवून घेते. "तू काय गं, घरीच असतेस ना!" हे इतक्या वेळा ऐकलंय की बेल वाजली तरी कपाळाला आठी पडते. घरी बसून लिहिणं हेही काम असतं आणि त्याच्यावर या घराचा हप्ता जातो, हे मी पूर्वी समजावून सांगायची. आता नाही सांगत. सिलिंडर घेते, सही करते आणि परत जागेवर जाऊन बसते.

जागा म्हणजे स्वयंपाकघरातलं बंद शिवणयंत्र. त्याच्या झाकणावर लॅपटॉप मावतो. दुपारी समोरच्या इमारतीच्या काचांवर ऊन पडतं आणि तिथून उलटून आमच्या ओट्यावर येतं. ते आहे तोवर पदार्थांचे फोटो काढून घ्यायचे, मग लिहायचं.

सुरुवात एका एजन्सीपासून झाली. शब्दावर पैसे, लेखाला नाव नाही. मी जन्मात जाणार नाही अशा देशांतल्या हॉटेलांच्या न्याहारीचं मी भरभरून कौतुक केलंय. गुडघेदुखीवरचे उपाय लिहिलेत, नवजात बाळांना मालिश कशी करावी ते लिहिलंय. एकदा घोड्यांच्या खुराकावरही लिहिलं. पोट भरत होतं, पण कोणी विचारलं "काय लिहितेस?" तर दाखवायला काही नव्हतं. मग नवऱ्याची विक्रोळीची कंपनी बंद पडली. त्याला पुढचं काम मिळेपर्यंत काहीतरी जास्त कमवायला हवं होतं, आणि माझ्या घरात विकण्यासारखं एकच होतं: सासूबाईंच्या हातचं जेवण.

मी साताऱ्याकडची. आईंच्या भाषेत 'घाटावरची'. लग्न होऊन आले तेव्हा मला तिरफळ म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, आणि ओल्या खोबऱ्याचं वाटण मी चटणी समजून भाकरीबरोबर खाल्लं होतं. हा किस्सा आईंनी अजून कुणाला सांगायचा ठेवलेला नाही. स्वयंपाकघरात त्या मला बारा वर्षं चिरायला आणि खवायला देत आल्या. चाखायला कधीच नाही. "घाटावरच्या जिभेक काय कळता?" म्हणायच्या. गमतीनं म्हणायच्या, पण पळी हातात द्यायच्या नाहीत.

मी ब्लॉग काढून त्यांचं मालवणी जेवण लिहायला लागले आणि आमची भांडणं सुरू झाली. मी विचारायची, किती खोबरं? त्या म्हणायच्या, लागेल तितकं. किती वेळ शिजवायचं? होईपर्यंत. मी मापाचे कप आणले, त्यात त्यांनी तुळशीची रोपं लावली. शेवटी मीच त्यांच्या मुठी मोजायला शिकले. पण एका गोष्टीत त्यांचं माप पक्कं होतं. पदार्थ तयार झाला की त्या पळीतला एक थेंब डाव्या हातावर घ्यायच्या, जिभेला लावायच्या आणि खिडकीबाहेर बघत उभ्या राहायच्या. मग म्हणायच्या, "होय." किंवा, "नाय." 'नाय' म्हटलं की त्या दिवशीचे फोटो, लिहिलेलं, सगळं फुकट. मी चिडायची, पण ते छापायची नाही. आणि 'होय' म्हटलं की लेखाखाली शेवटची ओळ लिहायची: आईंनी चाखलं.

ब्लॉग चालला तो या ओळीवर. माझ्या शैलीवर नाही, हे मला कबूल आहे, जरी थोडं झोंबत असलं तरी. मुलुंडच्या एक बाई लिहायच्या, ती ओळ असेल तरच मी करते. बहारीनमध्ये एकटा राहणारा एक मुलगा आईंना 'साहेब' म्हणायचा. वाचक वाढले तशा जाहिराती आल्या, नवऱ्याचं काम कधी असायचं कधी नसायचं, पण हप्ता चुकला नाही. आईंना हे सगळं कळत होतं. शेजारणींना सांगायच्या, "आमचा ऑफिस ओट्यार असा."

मग त्यांना ताप आला. आठवडाभर अंथरुणावर होत्या, बऱ्या झाल्या, पुन्हा ओट्याशी उभ्या राहिल्या. मला वाटलं संपलं.

त्या दिवशी सोलकढी होती. गावाहून आलेलं आगळ घातलं होतं, म्हणजे कोकमाचा मीठ घालून मुरवलेला रस. ते मुळातच खारट असतं, म्हणून त्याच्या कढीत मीठ घालायची कोणी घाई करत नाही. मालवणात शेंबडं पोरही हे सांगेल. आईंनी थेंब हातावर घेतला, जिभेला लावला, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाल्या, "होय." मी फोटो काढले. गुलाबी रंग सुरेख आला होता. लेख लिहिला, शेवटची ओळ लिहिली आणि छापायच्या आधी सहज एक घोट घेतला.

घोट गिळवेना. जुहूला लाट तोंडात जावी तसं खारट.

मी बेसिनकडे धावले. मागे वळले तर आई माझ्याकडेच बघत होत्या. त्यांना कळलं होतं.

"किती दिवस झाले, आई?" मी विचारलं.

"तापापासून," त्या म्हणाल्या. "माका काय लागणा नाय. वासय येणा नाय. आज मीठ लागेना म्हणान घालीत गेलंय."

इतके दिवस त्या हातावर थेंब घेऊन खिडकीबाहेर बघत होत्या आणि अंदाजानं 'होय' म्हणत होत्या. हात सवयीनं चालत होता, म्हणून मला कळलं नव्हतं. आगळाचा खारटपणा दर खेपेला वेगळा, तिथे मात्र सवय फसली. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नाक बघितलं, घसा बघितला, म्हणाले, चव येईल परत किंवा नाही येणार, काही जणांची येत नाही. परत येताना रिक्षात मला रडू आलं ते मी लपवलं नाही. सासूबाईंची चव गेली म्हणून रडणारी सून हा विनोदच वाटेल कुणाला, पण मला तेव्हा फार वाईट वाटलं, आणि आमचं कसं होणार ही भीतीही त्यात होती. दोन्ही वेगळं काढता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ओट्याशी बोलावलं. पळी पुढे केली.

"आता तू चाख आणि माका सांग. पण खरा सांग हां. माका बरा वाटूचा म्हणान खोटा सांगलंस, तर माझी चूल बंद."

बारा वर्षांनी पळी हातात आली, ती अशी.

त्यानंतरच्या लेखांखाली मी ती ओळ लिहिली नाही. वाचकांनी दोन-तीन लेख जाऊ दिले, मग विचारायला लागले. आई बऱ्या आहेत ना? बहारीनच्या मुलानं लिहिलं, साहेब रजेवर आहेत का? मी गोलमोल उत्तरं देत राहिले. वाचणारे थोडे कमी झाले. आणि नेमक्या त्याच दिवसांत, नवरा पुन्हा घरी बसलेला असताना, एका मसाल्याच्या कंपनीचा फोन आला. त्यांना आमच्या ब्लॉगवर वर्षभर जाहिरात करायची होती.

"मॅम, फक्त आजींचा तो टेस्ट करतानाचा शॉट हवाय," फोनवरची मुलगी म्हणाली. "हातावर थेंब, मग एक स्माइल, आणि खाली तुमची ती लाइन. एकदम नॅचरल."

मी विचार करून सांगते म्हटलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं यार, हातावर थेंब घेऊन हसायचंय फक्त. सगळ्या जाहिराती अशाच असतात ना. कोणाचं काय जातंय?" चिडून नाही म्हणाला. घरी बसलेल्या माणसाच्या आवाजात एक अजिजी येते, ती होती. मला त्याच्यावर रागावता आलं नाही. मी स्वतः न बघितलेल्या समुद्रकिनाऱ्यांवर पानंच्या पानं लिहिली होती, मी कोणत्या तोंडानं बोलणार होते? पण त्या लेखांवर कोणी विश्वास टाकून चूल पेटवत नव्हतं. ही एकच ओळ मी आयुष्यात अशी लिहिली होती की जिच्यात पदरचं काही नव्हतं.

आईंनी सगळं ऐकलं होतं. घर केवढं, ऐकू जायचंच. त्या म्हणाल्या, "घराक लागता ना? मगे करूया. चाखल्यासारखा करूक काय लागता? तापापासून ताच तर करी होतंय." आणि हसल्या. त्या हसण्यानं मला जास्तच लागलं. कंपनीला मी पितृपक्ष संपल्यावर कळवते म्हणून सांगितलं.

पितृपक्षात सासऱ्यांचा म्हाळ असतो. सासरे गिरणीत होते. मी त्यांना फक्त फोटोत बघितलंय. त्या दिवशी वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, भोपळ्याची भाजी, खीर असं सगळं आई एकट्या करतात, आणि पितरांचं पान गच्चीवर ठेवेपर्यंत कोणी काही चाखायचं नाही. कुणीच नाही. लग्नानंतर इतके म्हाळ झाले, पण न चाखता केलेल्या त्या जेवणात कधी मीठ चुकलं नव्हतं. मीठ वासावरून कळतं, आई म्हणायच्या. आता वास नव्हता. मी म्हटलं, "आई, या वर्षी मी थोडं चाखून बघते. बाबा समजून घेतील." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प खोबरं खवायला बसले.

डोंबिवलीहून दीर-जाऊ आले होते. पान गच्चीवर गेलं, कावळा आला, आणि आम्ही जेवायला बसलो. रीतीप्रमाणे ताटात डावीकडे चिमूटभर मीठ वाढलेलं होतं. आमच्या घरात ते वाढायचं म्हणून वाढतात. जेवण झाल्यावर ते तसंच ताटात राहतं, धुताना जातं. आईंना त्याचा अभिमान होता.

मी सांबाराचा पहिला घास घेतला. मीठ नव्हतं. कमी नव्हे, नव्हतंच.

"झकास झालंय, वहिनी... म्हणजे आई, झकास," दीर म्हणाले आणि माझ्याकडे बघून घाईनं वडा मोडला. जाऊ म्हणाली, वाटाणे काय मऊ शिजलेत. नवऱ्यानं आणखी वाढून घेतलं. सगळी चांगलीच माणसं आहेत. आई भिंतीशी उभ्या राहून वाढत होत्या, आणि मी बघितलं तर त्या कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हत्या. ताटांकडे बघत होत्या. दिरांचं बोट हळूच मिठाकडे गेलं. मग जावेचं. मग नवऱ्याचं.

आई माझ्याकडे वळल्या. "गो, तू सांग. कसा झाला?"

नवरा माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होता. बाबांचा म्हाळ, घरात पाहुणे, म्हातारीनं पहाटेपासून राबून केलेलं. कोणीही सून काय म्हणेल?

"सांबारात मीठ नाहीये, आई," मी म्हटलं. "घालायचंच राहिलंय."

जावेनं मान खाली घातली. आई आत गेल्या, मिठाची बरणी घेऊन आल्या, पातेल्यात मूठ सोडली, ढवळलं, पळीतला थेंब माझ्या हातावर ठेवला आणि थांबल्या. सगळ्यांसमोर. मी जिभेला लावला. "होय," म्हटलं.

त्यांनी पुन्हा सगळ्यांना वाढलं. मग पदरानं तोंड पुसून माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "त्या मसालेवाल्यांका सांगा, आमच्या घरात म्हातारी चाखत नाय. सून चाखता."

फोनवरच्या मुलीला ते पटलं नाही. "सुनेचा शॉट इतका इमोशनल नाही होत, मॅम," ती म्हणाली. त्यांना दुसरीकडे कुठेतरी दुसरी आजी मिळाली असेल. मी पुन्हा एजन्सीचे लेख घ्यायला लागले. सकाळी हॉटेलांच्या न्याहाऱ्या, दुपारी ऊन आलं की आमचं जेवण. नवरा अजून मुलाखतींना जातो. हप्ता ओढाताणीत जातो, पण जातो.

सांबाराचा लेख मी त्याच आठवड्यात लिहिला. आईंची चव गेली ते लिहिलं, मीठ राहिलं तेही लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांना वाचून दाखवलं, कारण त्यांना विचारल्याशिवाय ते छापायचा मला हक्क नव्हता. त्यांनी एकच बदल सांगितला: वाटाणे रात्री भिजत घातले होते, ते लिही. खाली ओळ होती: आईंनी केलं, मी चाखलं.

परवा तिखलं होतं, बांगड्याचं. आईंनी गॅस बारीक करून माझ्या हातावर थेंब ठेवला. स्वतः चाखायच्या तेव्हा त्या खिडकीबाहेर बघायच्या. आता माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहतात, आणि मला ते अजूनही सोसत नाही. ओट्यावर ऊन आलं होतं, फोटो चांगले मिळाले असते.

"नाय," मी म्हटलं.

आईंनी मान हलवली आणि गॅस पुन्हा मोठा केला.