जावयाचे काटे

चहा आधी संपवा, मग ऐका. ऐकताना तुम्ही हसणार, चहा सांडणार, आणि सतरंजी धुवायची माझ्यावर येणार.

गाढवपणा काय, माझ्या हातून पुष्कळ झाला. पण शांतता सिद्ध करायला निघून अख्ख्या गल्लीत भांडणं लावण्याचा पराक्रम मी एकदाच केला. आणि तोही अगदी व्याख्यान देऊन!

त्या वेळी मी सिंदेवाहीजवळच्या एका गावात शाळामास्तर होतो. आपलं चांदा जिल्ह्यातलं गाव. पुढे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मागे जंगल, मधे तळं. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. त्याबद्दल इथे फार सांगायचं नाही. एवढंच सांगतो, ती होती तेव्हा आमच्या घरातलं बोलणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाई. ती गेल्यावर गल्लीच्या टोकाचं बोलणं आमच्या घरात ऐकू येऊ लागलं.

अशा माणसाकडे नातेवाईक काय घेऊन येतात? स्थळ! माझा मेव्हणा मात्र टोपली घेऊन आला. तो रेल्वेत, नोकरी सोलापूरकडे. टोपलीचं झाकण काढलं तर आत काट्यांचा गोळा. लिंबापेक्षा मोठा, नारळापेक्षा लहान.

"हे काय आणलंस?"

"सोबत," तो म्हणाला. "तिकडे माळरानावर सापडतात. दाजी, घरात कुणीतरी असावं हो."

"चावतं का?"

"छे! रागावतं फक्त."

मी ठेवून घेतलं.

आता या प्राण्याला, इंग्रजीत हेजहॉग म्हणतात त्याला, पाळणं म्हणजे काय, ते ऐका. तोंड चिचुंद्रीचं, पाठ बाभळीची आणि स्वभाव मोठ्या घरच्या पाहुण्याचा. दिवसभर झोप. हात लावला की फूं करून फुगणं आणि गोळा होणं. मी मोठ्या प्रेमाने दूधभात दिला; त्याने तो पायाखाली तुडवला, उरलेला खाल्ला आणि पोट बिघडवून घेतलं. मग एकदा दिवेलागणीला कंदिलाखालचा भुंगा त्याने कडाकडा चावून खाल्लेला पाहिला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की मी कुदळ घेऊन वारुळं उकरायला लागलो, वाळवीसाठी. शाळेतली पोरं विचारत, "गुर्जी, काय शोधून राह्यले जी?" काय सांगणार? मी म्हणे, "निसर्ग."

ही धावपळ शेजारच्या भागीरथीबाईंनी पाहिली. त्यांचे यजमान दौलतभाऊ तळ्यात जाळं टाकत, त्या मासे विकत. कुडावरून वाकून त्यांनी टोपलीत पाहिलं.

"माय वो! सायळीचं पिल्लू पाळलं काय जी, गुर्जी?"

"सायळ नाही, भागीरथीबाई. सायळ मोठी असते, तिचा काटा वीतभर असतो. हा वेगळा प्राणी आहे."

"लहान हाये म्हून काटा लहान. मोठा झाला का दिसनच." त्यांनी बोटाने हळूच डिवचलं. तो फुगला. "दिवसभर झोपते, आयतं खाते, अन् बोट लावलं का फुगते? मंग हा त जावई हाये जी!"

झालं, नाव पडलं. जावई. आणि जावई म्हटल्यावर पाहुणचार आलाच. भागीरथीबाई रोज वाटीभर झिंगे पाठवू लागल्या. जावई झिंगे मिटक्या मारत खाई. माझी वारुळं सुटली. तो खाई, मी त्याच्याशी बोले, तो फुगे. संध्याकाळ बरी जाई.

इथवर ठीक होतं. मग जावयाचे काटे गळायला लागले.

मी घाबरलो. खोबरेल तेल लावलं, हळद लावली. पण जुना काटा गळे तिथे नवा जाड काटा येई. पोरांचे दुधाचे दात पडावेत तसा प्रकार. मग मी निर्धास्त झालो आणि गळलेले काटे एका रिकाम्या चुन्याच्या डबीत जमवू लागलो. का? शिक्षकाला काही फेकवत नाही म्हणून!

त्यातला एक काटा झिंग्यांच्या रिकाम्या वाटीतून भागीरथीबाईंच्या चुलीपाशी गेला. आणि नेमकं त्याच दिवशी दौलतभाऊंनी, कालवण खारट झालं म्हणून, ताट भिरकावलं.

तुम्ही शहरातले असाल तर सांगायला हवं. सायळीचा, म्हणजे साळिंदराचा, काटा घरात आला की घरात भांडण लागतं, हे आमच्याकडे सूर्य पूर्वेला उगवतो इतकं पक्कं आहे. कुणाचं वाईट करायचं असेल तर लोक त्याच्या छपराच्या कवेलूत हळूच काटा खोचतात. तेव्हा मिठाचा हात कुणाचा, ताट कुणी फेकलं, हे प्रश्नच उरले नाहीत. गुन्हेगार माझ्या टोपलीत झोपला होता.

गल्ली माझ्या ओसरीवर जमली. सगळ्यांत पुढे दौलतभाऊ.

"गुर्जी, तुमाले सांगाले बरं नाई वाटत. पण ह्या जनावराले जंगलात सोडून द्या."

"अहो, हा या जंगलातला नाही. तो माळावरचा. इथल्या जंगलात एक रात्र टिकणार नाही तो."

"अन् आमचा संसार टिकला पायजे का नाई?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. कोणत्याही समजूतदार माणसाने दोन गोड शब्द बोलून, काटे जाळून विषय संपवला असता. पण मी मास्तर! मी उभा राहिलो. चांगला अर्धा तास बोललो. काटा म्हणजे केसच, फक्त जाड. केसाने भांडण लागतं तर न्हाव्याच्या दुकानात रोज खून पडले असते, वगैरे. माझंच बोलणं मला इतकं आवडलं, की शेवटी मी आत जाऊन ती चुन्याची डबी आणली.

"घ्या! प्रत्येक घराने एकेक काटा न्या. दाराच्या चौकटीत खोचा. पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत एका जरी घरात काट्यामुळे भांडण झालं, तर मी स्वतः याला जंगलात सोडून येईन. शब्द!"

ऐकलंत ना? कोंबडीने अंडं कुणाच्या अंगणात घातलं यावरून ज्या गल्लीत भांडणात दुपार निघते, त्या गल्लीच्या आठवडाभराच्या शांततेची मी हमी दिली. जावयाच्या जिवावर!

पहिला दिवस शांततेत गेला. मी संध्याकाळी जावयाला म्हटलं, "बघ, विज्ञान!" तो फुगला. त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागीरथीबाईंच्या घरातून आवाज आला. भागीरथीबाई सासूशी बोलत होत्या. लग्नातली कोणती साडी नणंदेला गेली इथून सुरुवात झाली, आणि बाळंतपणात डिंकाचे लाडू कुणी खाल्ले इथवर गाडी पोचली. मी कपाळावर हात मारला.  इतक्या वर्षांत सुनेने वर मान केली नव्हती.

"काऊन वो, आज तुले झालं तरी काय?" सासू ओरडली.

आणि भागीरथीबाई अगदी नम्रपणे म्हणाल्या, "मायं काई नाई, आत्याबाई. काटा बोलून राह्यला."

 मग सासूचा आवाज आला, आणि त्यात एक नवीच हुशारी होती. "असं काय? मंग मायाही काटा आयकून घे!"

दुपारपर्यंत दोघींचे काटे बोलत होते. संध्याकाळी दोघी एकमेकींच्या केसांना तेल लावत बसलेल्या मी स्वतः पाहिल्या. भांडण झालं होतं, पण केलं कुणीच नव्हतं! मग रुसणार कुणावर?

ही सोय गल्लीच्या लक्षात यायला कितीसा वेळ लागणार? सुना बोलल्या, सासवा बोलल्या. एका थोरल्या भावाने धाकट्याला बांधावरून जे सुनावायचं होतं ते सुनावलं आणि वर चिलीम पुढे केली. गल्लीभर नुसता काट्यांचा आवाज! आणि माझ्या परसाच्या दाराशी बायका येऊ लागल्या, पदराआड हात धरून.

"गुर्जी, एक काटा द्या न जी. मले नाई, माया बयनीले पायजे. तिची सासू लय वंगाळ हाये."

मी रागावून म्हणे, "अहो, काट्यात काही नसतं!"

"होय जी, नसते. पण द्या."

डबी रिकामी झाली. एकच काटा तळाशी उरला.

बाजाराचा दिवस उजाडला. पुरुषमंडळी ओसरीवर हजर. त्यांची तोंडं आठवडाभर ऐकून घेतलेल्या माणसांसारखी झाली होती.

"गुर्जी, शब्द देल्ला होता तुमी."

दिला होता. वाद घालायला जागा कुठे होती? मी टोपली उचलली. जावई आत झोपला होता, नाक पोटात खुपसून. अंगणात आलो. मेव्हण्याला काय सांगायचं, हा विचार डोक्यात आला आणि त्याच्या मागून दुसरा आला: संध्याकाळी बोलायचं कुणाशी? 

फाटकाशी भागीरथीबाई उभ्या. मागे सासू. मागे सगळ्या गल्लीतल्या बायका.

"कुठी नेऊन राह्यले जी जावयाले?"

"जंगलात. मी हरलो, भागीरथीबाई."

"तुमी हरले असान. आमी नाई हरलो." त्या नवऱ्याकडे वळल्या. "सायळीच्या जातीचं एवढंसं लेकरू वाघाच्या तोंडी देता? लाज नाई वाटत?"

"तू चूप राह्य!" दौलतभाऊ म्हणाले. "हे आता तू बोलून राह्यली का काटा?"

"तुमीच सांगा न. कोन बोललेलं चालन तुमाले?"

दौलतभाऊ विचार करू लागले. विचार करणारा माणूस मी पुष्कळदा पाहिला आहे, पण इतका घाम येताना नाही. शेवटी ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "गुर्जी, परत ठेवा हे टोपलं."

"का हो?"

"आता बायको जे काई बोलते, ते काट्याचं म्हून मी आयकून सोडून देतो. उद्या काटाच नाई राह्यला, अन् हेच बोलली, तं मले खरं मानावं लागन न जी!"

बाकीच्या पुरुषांनी माना हलवल्या. असं जावयाला अभय मिळालं. माझ्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानाने नव्हे, हे वेगळं सांगायला नको. ज्या समजुतीचं मी निर्मूलन करायला निघालो होतो, तिचा घाऊक पुरवठादार म्हणून आसपासच्या गावांत माझं नाव झालं.

इथे किस्सा संपला असता तर बरं झालं असतं. पण चहा अजून उरला आहे, तर सांगून टाकतो.

सगळे गेले. मी आत आलो. टोपली जागेवर ठेवली. घरात काहीच आवाज नव्हता. डबीच्या तळाशी तो एक काटा होता. मी तो घेतला आणि स्वयंपाकघराच्या चौकटीत खोचला. आमचं सगळं बोलणं त्याच चौकटीतून व्हायचं. ती आतून, मी बाहेरून. एक प्रयोग म्हणून खोचला, असं मी स्वतःला सांगितलं. विज्ञानात पडताळा घ्यावा लागतो.

काही दिवस गेले. भागीरथीबाई झिंग्यांची वाटी घेऊन आल्या आणि चौकटीपाशी थांबल्या. काट्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी लगबगीने जावयाच्या टोपलीतलं गवत बदलू लागलो.

"काऊन जी, गुर्जी," त्या म्हणाल्या, "वयनीले भांडाले काटा कधी लागत होता?"

मी गवताची एकेक काडी मोजून लावू लागलो. अर्ध्या तासाचं व्याख्यान देणारा माणूस मी!

त्यांनी हलकेच काटा उपसला आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. "मी नेतो हा. तुमच्या इथी फुकट चालला. मायावाला बोथट झाला."

त्या गेल्या. मी वाटी टोपलीत ठेवली, ती ठेवताना हात जरा लागला. जावई फूं करून फुगला, पाठ वळवून बसला.

मी म्हटलं, "बरं बाबा, चुकलं माझं."

वर्षभरानंतर या घरात कुणीतरी माझ्यावर रागावलं होतं. मेव्हणा खोटं बोलला नव्हता.