मिरीपुरता खल

ताज्या कुटलेल्या मिरीचा वास आला की मला आमची ओसरी आठवते, आणि तिथे भिंतीला टेकून बसलेले बाबा. आमचं घर रेवसच्या अलीकडे, मिठागरांना लागून. वारा खारा, विहीर खारी, दाराच्या कड्या बघता बघता गंजायच्या. बाबा मिठागरावर राबले आणि त्या राबण्यावर मी बोटीनं मुंबईला जाऊन बी. ए. झालो. आमच्या आळीत पहिला मीच. हे मी तेव्हाही छाती काढून सांगायचो, आजही सांगतो. ही गोष्ट मी अलिबागेत मास्तर म्हणून नुकता लागलो होतो तेव्हाची, तीस सालानंतरची.

त्या वर्षी बाबांना पोटाचं दुखणं लागलं. जेवण झालं की छातीपर्यंत आग उठायची. वैद्यांनी लाल मिरची साफ बंद केली. ज्या माणसाला सकाळच्या भाकरीबरोबर ठेचा लागायचा, त्याच्यापुढे आता उकडलेली मासळी, मीठ आणि आमसूल. वैद्यांनी सवलत दिली ती एवढीच, की वरून चिमूटभर मिरी चालेल, पण ताजी. साठवून ठेवलेली पूड आमच्या हवेत दमट होऊन मातीसारखी लागायची.

पण मिरी घातली तरी बाबा दोन घास खाऊन ताट सरकवायचे.

"जळतंय," एवढंच म्हणायचे.

"मिरचीचा कण न्हाय त्यात," आई म्हणायची. "खायाचं नसंल तर तसं सांगा. उगाच माझ्या हाताला नावं ठेवू नका."

आईला वाटायचं हा हट्ट आहे. मला वाटायचं दुखणंच वाढलंय. होता होता गालफडं आत गेली, डोक्यावर मिठाची पाटी घेतली की मान लटपटायला लागली, आणि एक दिवस मुकादमानंच त्यांना घरी बसायला सांगितलं. माणूस असाच उपाशी राहिला तर पुढचा पावसाळा काढणार नाही हे आम्हां दोघांनाही दिसत होतं.

एका रविवारी मी घरी होतो. बाबांनी सरकवलेल्या ताटातली मिरी बोटाला लावून चाखली. आधी मिरीच लागली, मग मागून मिरचीची झणझण आली. मी आईला विचारलं, मिरी कशावर वाटलीस? कशावर म्हणजे, पाट्यावर. त्याच पाट्यावर रोज सगळ्या घराचं मिरचीचं वाटण व्हायचं.

"पाटा मिरची प्यायलाय, आई."

आईला ते फार लागलं. "कॉलेजात ह्येच शिकवलं काय रं तुला? आईचा पाटा घाण हाय म्हणून?"

तिनं पाटा राखेनं घासला, काथ्यानं घासला, उन्हात टाकला. पुन्हा मिरी वाटली आणि या वेळी स्वतः चाखली. झणझण तिलाही लागली, तशी ती चुलीकडे वळली. पाथरवटाच्या टाकीनं पाडलेल्या खाचांत वर्षानुवर्षं मुरलेली मिरची एका दिवसात निघणार नव्हती.

म्हणजे बाबांच्या मिरीसाठी वेगळं साधन हवं. मी मुंबईहून एक लाकडी चक्की आणली. वरची मूठ फिरवली की खालून पूड पडायची. साहेबलोकांच्या टेबलावर असते तशी. बाबांच्या बोटांना मिठानं चिरा पडलेल्या. मूठ पिळली की चिरा उघडायच्या, म्हणून आई फिरवायची. मग दमट दिवस आले, लाकूड फुगलं आणि मूठ जागच्या जागी बसली. येणाऱ्या-जाणाऱ्याला बाबा ती दाखवायचे. "पोरानं मुंबईहून भोवरा आणलाय. फिरत न्हाय, पर दिसतो झ्याक."

मग घरातलाच लोखंडी खलबत्ता घासूनपुसून काढला. चार दिवसांत पुन्हा तांबूस पडला आणि मिरीला गंजाची चव आली.

तेव्हा मी ठरवलं की आता वस्तू पारखूनच घ्यायची. बाबा म्हणाले, "मी पण येतो. खानार मी हाय." सर्व्हिस मोटारीनं अलिबागेला गेलो. भांड्यांच्या गुजराती दुकानदारानं दगडी खल पुढे केला. मी तो परत सारला. दगडाचा अनुभव घेऊन झाला होता. पितळेचेच काढा म्हटलं. त्यानं तीन मांडले. मी रुमालाच्या गाठीतून मिरी काढली आणि पहिल्यात टाकून बत्ता मारला. खल पातळ पत्र्याचा, टणकन उडाला. दुसरा पसरट तोंडाचा, त्यातले दाणे थेट दुकानदाराच्या गादीवर.

"मास्तर," तो म्हणाला, "भांडं घ्यायला आलात के मुलगी बघायला?"

"मुलगी एवढी बघत न्हाईत," बाबा म्हणाले. "ती बिचारी गंजत न्हाय."

तिसरा ओतीव होता. बूड जड, पोट खोल, तोंड आत वळलेलं. दाणा बाहेर आला नाही, खल जागचा हलला नाही. मी बत्ता बाबांच्या हातात दिला. तो मुठीत धरायचा होता, बोटांनी पिळायचा नव्हता. त्यांनी तीनचार घाव घातले, मूठ उघडून तळवा बघितला आणि म्हणाले, "ह्यो चालंल." निवड माझी होती, आणि चोख होती. यात मी खोटा विनय करणार नाही.

घरी आल्यावर आईनं खल घ्यायला हात पुढे केला. बाबांनी तो दिला नाही. "ह्यात दुसरं काय पडाचं न्हाय," म्हणाले, आणि ओसरीवर दोन पायांमध्ये धरून स्वतःच कुटायला बसले. आमच्यात पुरुष वाटायला-कुटायला बसत नसत. रस्त्यानं जाणारे काका थांबले.

"काय दादा, वयनीनं कामाला लावलं वाटतं?"

"व्हय. तुलाबी लावीन म्हनत होती, तू पळालास."

आईनं ताट आणून ठेवलं. मासळीवर मिरी पडली, भातावर पडली, वास ओसरीभर झाला. मी आत जायच्या निमित्तानं उंबऱ्यात उभा राहिलो. आईही परत गेली नव्हती. पहिला घास, दुसरा घास. बाबा थांबले, तेव्हा आईनं पदर मुठीत धरला. ते काटा काढत होते. मग पुन्हा खाऊ लागले. ताट पुसून घेतलं आणि मान वर न करता म्हणाले, "भात हाय का गं?"

भात नव्हता. कित्येक दिवस ती त्यांच्यापुरता थोडाच टाकत होती. तिनं आपल्या वाटणीचा आणून वाढला, आणि संध्याकाळी तांदूळ मोजताना एक मूठ जास्त टाकली.