शेख सरांच्या दोन टाक्या

शेख सर कुठलंही पाणी दिसलं की आधी त्यात हात बुडवत. मग तो कॉलेजचा हौद असो, नाहीतर सहलीत दिसलेली जनावरांची डोणी. डोळे मिटून ते पाण्याचं तापमान सांगत आणि खिशातला थर्मामीटर काढून खात्री करून घेत. अंदाज बहुतेक वेळा चुके. त्याचाही त्यांना आनंदच होई. म्हणत, "हात झूठ बोलतो बेटा, म्हणून तर ही नळी सोबत ठेवलीय."

ते जालन्याच्या मस्तगडात राहत आणि आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवत. माझ्या शेवटच्या वर्षी त्यांनी रत्नागिरीहून लाल समुद्री शेवाळाची कोवळी टोकं आणली, एस.टी.त अख्खा प्रवास डबा मांडीवर धरून. जालन्यात समुद्री शेवाळ म्हटल्यावर वर्ग हसला. लाटा कधी येणार, असं एकानं विचारलं. "तू रोज वर्गात येऊन तर दाखव, लाटा बी आणतो," सर म्हणाले.

तो प्रकल्प माझ्याकडे आला. काचेच्या दोन टाक्या, दोन्हींत तेच खारं पाणी, वर सारखाच दिवा. एकीला ओलं गोणपाट गुंडाळलेलं, दुसरीत मासे पाळणारे वापरतात तो हीटर. शेवाळाच्या सुरुवातीच्या वाढीला पाण्याची किती ऊब मानवते, एवढंच पाहायचं होतं. गार टाकीतल्या टोकांना फाटे फुटू लागले. गरम टाकीतली आधी फिकट झाली, मग पांढरी पडू लागली.

मी वडीगोद्रीची. आमच्याकडे कपाशीच्या रोपानं मान टाकली की कुणी नुसतं बघत बसत नाही. त्यात घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. मेलेलं शेवाळ दिसलं की परीक्षक नापास करणार, असंच मी धरून चालले होते. हीटर बंद करू द्या, म्हणून मी सरांना पुन्हा पुन्हा विनवलं. शेवटी रडूच आलं.

"बंद केला तर जगतील बी, बेटा," सर म्हणाले. "पण का मरून राह्यली होती, ते कुणालाच कळणार न्हाई. मंग समुद्रात दोरीला बांधून शेवाळाची शेती करणाऱ्यानं काय करायचं? गरम पाण्यात लावंल आन् सगळं गमावून बसंल."

हीटर चालूच राहिला.

परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी नेमकं गरम टाकीकडेच बोट दाखवलं. मी सरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मग मीच बोलले. ही मेली, कारण पाणी मुद्दाम गरम ठेवलं होतं. लागवड करायची तर पाण्याची उष्णता उतरल्यावरच करावी. मॅडम विचारत गेल्या, मी सांगत गेले. त्या प्रकल्पामुळेच आज मी कोकणात शेवाळाच्या लागवडीचं शिक्षण घेते आहे.

परीक्षेच्या त्या दिवशी पास झाल्याचं सांगायला मी सरांना शोधत होते. ते प्रयोगशाळेत होते. बाह्या वर सारून गरम टाकीतलं एकेक पांढरं टोक काढून रुमालावर ठेवत होते. मी म्हणाले, मला वाटलं होतं तुम्हाला यांचं काहीच वाटत नाही.

"समुद्रातून मीच आणलंय ना यांना," सर म्हणाले. "रोज तुझ्या आधी येऊन बघत होतो."

मग त्यांनी रुमालाची घडी घातली आणि हीटरची पिन काढली.