रागाचा पत्रा

छर्ऱ्याची बंदूक गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी ते जत्रेतले खेळवाले नळीवर एक फुंकर मारायचे आणि वैद्याच्या गांभीर्याने विचारायचे, "सांगा भाऊ, काय छळून राह्यलं तुमाले?"

कोणी म्हणायचं खोकला, कोणी म्हणायचं डास. मग ते बोटाने दाखवायचे, "तो पाहा, तिकडे बसेल हाय. हाना!"

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. चिखलीच्या पुढच्या एका गावात मी नवा नवा मास्तर होतो. तिथल्या जत्रेत छर्ऱ्याच्या बंदुकीचे खेळ दोन-तीन यायचे, पण बाकीच्यांकडे नुसते फुगे. यांच्याकडे तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून रंगवलेली मंडळी होती. डास बैलाएवढा, पायात बूट घातलेला. खोकला म्हणजे मफलर गुंडाळलेला बेडूक. आळस सगळ्यांत मोठा, खाटेवर पसरलेला; पाच छर्रे बसल्याशिवाय तो उठायचाच नाही. नेम लागला की हे पडद्यामागून दोरी ओढायचे. डासाची सोंड लोंबायची आणि आतून आवाज यायचा, "मेलो रे बाप्पा! आता नाही चावत!" लोक पोट धरून हसायचे.

"डावीकडे खाते हो माही बंदूक, जरा उजवीकडे धरा," असं आपणहून सांगणारा जत्रेतला माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

एकदा एका गड्याने हट्ट धरला की माझ्या साल्याचं चित्र काढा, मला त्याला हाणायचंय. यांनी बंदूक हळूच काढून घेतली, त्याच्या हातावर मूठभर रेवड्या ठेवल्या. "मानसाले नाही मारत आपन," एवढंच म्हणाले. हा त्यांचा नेम होता, आणि तो त्यांच्या बंदुकीसारखा वाकडा नव्हता.

तो मोडला मी. अजून लिहिताना लाज वाटते.

आमच्या हेडमास्तरांनी त्या आठवड्यात भर वर्गात माझा फळा पुसून "पुन्हा शिकवा" म्हटलं होतं. पोरं फिदीफिदी हसली होती. मी ते गिळून जत्रेत आलो. नळीवर फुंकर मारून यांनी विचारलं, "काय छळून राह्यलं मास्तर तुमाले?"

"राग," मी म्हणालो. "तुमच्याकडे दिसत नाही त्याचा पत्रा."

ते खूश झाले. नवी चित्रं ते गिऱ्हाइकांनाच विचारून काढायचे. कानामागची पेन्सिल काढून म्हणाले, "खरंच नाही हो! कसा दिसते तो?"

आणि मी सांगत गेलो. मिशा घोड्याच्या नालासारख्या. चष्म्याची एक दांडी तुटलेली, तिथे दोरा. डाव्या भुवईवर मस. बगलेत छत्री. खेळवाले होते दूरच्या रोहिणखेडकडचे, आमच्या हेडमास्तरांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. "तुमचा राग लय शिकेल हाय," असं म्हणून ते मनापासून हसले. मीही हसलो. माझ्या हसण्यात काय होतं, ते त्यांना कुठून कळणार?

दुसऱ्या दिवशी राग उभा राहिला. छर्रा लागला की त्याची टोपी उडायची आणि पडद्यामागून ते ओरडायचे, "थंडा झालो, बाप्पा, थंडा झालो!" आमची अख्खी शाळा तिथे लोटली. आळसाकडे कोणी ढुंकून बघेना.

संध्याकाळी हेडमास्तर नातीला घेऊन आले. ती चार वर्षांची. तिने पत्र्याकडे बोट दाखवलं, "आबा, हे तर तुमीच!"

गर्दी हसली. हेडमास्तरांनी चष्मा काढून हातात घेतला. दोरा बोटांतून लोंबत होता. नातीला उचलून ते निघून गेले.

जत्रेचे पंच मात्र धावून आले. "कोनं सांगतलं तुले हे तोंड काढाले?"

ते पडद्यामागून बाहेर आले. माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी त्यांना सगळं उमगलं, हे मला दिसलं. आणि मी काय केलं? चपलेचा अंगठा निघालाय असं दाखवून खाली वाकलो. अंगठा धडधाकट होता.

वाकलेलो असतानाच ऐकू आलं, "कोनंच नाही मालक. माह्याच डोक्यातून निघालं."

त्याच संध्याकाळी पंचांनी त्यांना पाल उठवायला लावलं, आणि पुन्हा या जत्रेत पाय ठेवायचा नाही म्हणून बजावलं. सगळे पत्रे पालथे घालून ते गाडीत भरत होते. मी जवळ गेलो. त्यांनी सवयीने म्हणा की कशाने म्हणा, विचारलं, "सांगा मास्तर, काय छळून राह्यलं तुमाले?" आवाजात टोमणा नव्हता.

"काही नाही," मी म्हणालो.

हेडमास्तरांनी त्यानंतर छत्री बगलेत धरली नाही. चैत्राच्या उन्हातून उघड्या डोक्याने शाळेत येत. त्यांनाही मी कधी काही सांगितलं नाही.

पाच-सहा वर्षांनी एकदाची हिंमत गोळा केली आणि विचारत विचारत रोहिणखेडकडे खेळवाल्यांचं घर गाठलं. उशीर झाला होता. ते आदल्या वर्षीच गेले होते. त्यांच्या बायकोने पाणी दिलं. मी जत्रेतला ओळखीचा, एवढंच तिला सांगितलं. तिने कौतुकाने पत्रे दाखवले. डास, बेडूक, खाटेवरचा आळस. राग कुठे नव्हता.

शेवटी तिने एक पत्रा पुढे ठेवला. "हे भेव हाय म्हने. लय दिवस काढून राह्यले होते, पन जत्रेत कधी नेलं नाही."

भीती म्हणजे कंबरेत वाकलेला एक माणूस. हात चपलेच्या अंगठ्याला. अंगावर सदरा, खिशाला पेन. तोंडाची जागा मात्र कोरी, नुसता पत्रा.

"तुमी वळखता का याले?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"मी म्हनो, तोंड काऊन काढत नाही याचं? तं म्हने, मानसाले नाही मारत आपन."

मी उठलो. चपला उंबऱ्याबाहेर होत्या. उजवीचा अंगठा खरोखरच निघाला होता. ती दारात उभी होती. तिच्यासमोर वाकवेना. चपला हातात घेतल्या आणि एस.टी.च्या फाट्यापर्यंत अनवाणी चालत गेलो.